त्वचेचा पहारा आणि बावीस अक्षरांच्या चिठ्ठ्या

वसतिगृहात वाढलेल्या विद्यार्थ्याच्या गुडघ्यावर एखादा तरी जुना वण असतोच. पटांगणात कबड्डी खेळताना किंवा पावसाळ्यात शेवाळलेल्या पायरीवरून घसरून गुडघा फुटतो, नळाखाली पाय धुतला जातो, अधीक्षक मलम लावून पट्टी बांधतात आणि काही दिवसांत खपली गळून पडते. पुढे आपण त्या जखमेचा विचारही करीत नाही. तथापि त्या काही दिवसांत त्या एवढ्याशा जागेत एक लढाई होऊन गेलेली असते. मातीतून आत शिरलेले असंख्य जंतू ओळखले जातात, त्यांच्यावर मारा होतो, जागा लाल होते, सुजते, ठणकते. आणि काम संपताच सूज उतरते, लाली जाते, नवी कातडी येते.

या घटनाक्रमातील शेवटची गोष्ट विशेष विचार करण्याजोगी आहे. शस्त्र उचलणे शरीराला जितके आवश्यक असते, तितकेच ते वेळेवर खाली ठेवणेही आवश्यक असते. शस्त्र उचललेच नाही तर जंतू घर करतात. खाली ठेवले नाही तर शरीर स्वतःलाच जखमी करीत राहते. मग केव्हा उचलावे आणि केव्हा ठेवावे, हे कोण ठरवते? गेल्या पंचवीस वर्षांतील संशोधनाने या प्रश्नाच्या उत्तराचा एक महत्त्वाचा भाग उलगडला आहे. पेशींच्या आत वावरणारे, केवळ सुमारे २२ अक्षरांचे रेणू या निर्णयात सहभागी असतात. त्यांना मायक्रो आरएनए किंवा सूक्ष्म आरएनए असे म्हणतात. हे रेणू म्हणजे काय, ते त्वचेचे रक्षण कसे करतात, आणि महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या ज्याचे दुःख पाहिले त्या कुष्ठरोगाचा जंतू त्यांचाच उपयोग आपल्याविरुद्ध कसा करून घेतो, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

भिंत आणि पहारेकरी

प्रौढ माणसाच्या त्वचेचे क्षेत्रफळ साधारणपणे दीड ते दोन चौरस मीटर भरते. तिच्या वरच्या थरास बाह्यत्वचा म्हणतात. या थरातील बहुसंख्य पेशी केराटिन नावाचे चिवट प्रथिन तयार करतात, म्हणून त्यांना केराटिनोसाइट हे नाव आहे. त्या खालच्या बाजूस जन्मतात, हळूहळू वर सरकतात, चपट्या होतात, मरतात, आणि विटांसारख्या एकमेकींना चिकटून भिंत उभी करतात. साधारण चार आठवड्यांत ही भिंत नव्याने बांधली जाते. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो आणि त्यावर निरुपद्रवी जीवाणूंची वस्ती असते. ही वस्तीही बाहेरच्या उपद्रवी जंतूंना सहजासहजी जागा मिळू देत नाही.

परंतु त्वचेला केवळ भिंत समजणे चुकीचे ठरेल. तिच्यात पहारेकरीही आहेत. १८६८ साली पॉल लँगरहान्स या जर्मन वैद्यकीय विद्यार्थ्याला बाह्यत्वचेत फांद्या फुटल्यासारख्या दिसणाऱ्या पेशी आढळल्या. त्याला त्या मज्जासंस्थेच्या पेशी वाटल्या. त्या प्रतिकारयंत्रणेच्या पहारेकरी पेशी आहेत हे कळण्यास शंभराहून अधिक वर्षे जावी लागली. खालच्या थरात, म्हणजे अंतस्त्वचेत, जंतूंना गिळून टाकणाऱ्या भक्षक पेशी असतात. इतकेच नव्हे तर भिंतीची वीट मानलेली केराटिनोसाइट पेशीसुद्धा जंतू ओळखू शकते, धोक्याची सूचना देऊ शकते आणि जंतुनाशक द्रव्ये तयार करू शकते.

या संरक्षणाला जन्मजात प्रतिकारशक्ती म्हणतात. लस घेतल्यावर किंवा एखादा आजार होऊन गेल्यावर जी शक्ती मिळते ती अर्जित. तिला तयार होण्यास काही दिवस लागतात. जन्मजात शक्तीला मात्र पूर्वओळखीची गरज नसते; ती जंतूचे नाव-गाव विचारीत नाही. जंतूंच्या अनेक जातींत समान असणाऱ्या काही खुणा ती ओळखते. या खुणा ओळखणारी ग्राहके पेशींवर बसविलेली असतात. त्यांपैकी एका मोठ्या कुटुंबाला टोल-सदृश ग्राहके म्हणतात. फळमाशीतील टोल नावाच्या जनुकाचे संरक्षणकार्य झ्यूल होफमान यांच्या प्रयोगशाळेने १९९६ साली दाखविले, सस्तन प्राण्यांतील तशाच ग्राहकाचे कार्य ब्रूस बॉयट्लर यांनी १९९८ साली दाखविले, आणि २०११ सालच्या नोबेल पारितोषिकात त्या दोघांना वाटा मिळाला.

ग्राहकाला जंतूची खूण सापडली की पेशीच्या आत संदेशांची साखळी सुरू होते. अखेरीस पेशीच्या केंद्रकातील अनेक जनुके जागी होतात. काही जनुके दाह निर्माण करणारी द्रव्ये बनवितात, काही भक्षक पेशींना बोलावणारी. काही जनुके छोटी जंतुनाशक प्रथिने बनवितात. त्यांतील कॅथेलिसिडिन व डिफेन्सिन ही दोन नावे वाचकांनी लक्षात ठेवावीत, कारण पुढे त्यांच्याशी पुन्हा गाठ पडणार आहे. ही प्रथिने जंतूच्या आवरणाला भोके पाडून त्याला मारतात.

चिठ्ठी आणि प्रतिचिठ्ठी

आता सूक्ष्म आरएनएचे काम समजून घेण्यासाठी वसतिगृहाच्या स्वयंपाकघराचे उदाहरण घेऊ. कार्यालयाच्या कपाटात एक मोठी नोंदवही आहे. तिच्यात प्रत्येक पदार्थाची कृती लिहिलेली आहे. ती वही कार्यालयाबाहेर जात नाही. ज्या दिवशी जो पदार्थ करावयाचा, त्याची कृती एका चिठ्ठीवर उतरवून ती स्वयंपाकघरात पाठविली जाते. आचारी चिठ्ठी वाचून पदार्थ तयार करतात. चिठ्ठ्या जितक्या अधिक, तितका पदार्थ अधिक.

पेशीतही अशीच व्यवस्था आहे. केंद्रकातील डीएनए ही नोंदवही. तिच्यात प्रथिनांच्या सुमारे वीस हजार कृती आहेत. चिठ्ठी म्हणजे संदेशवाहक आरएनए. स्वयंपाकघर म्हणजे केंद्रकाबाहेरील रायबोसोम, आणि पदार्थ म्हणजे प्रथिन. एखादे जनुक जागे झाले म्हणजे त्याच्या चिठ्ठ्या सुटू लागतात.

समजा, दोनशे मुलांच्या भाकरीची चिठ्ठी गेली आणि त्याच वेळी सुट्टीमुळे शंभर मुले गावी गेल्याचे कळले. नोंदवही फाडणे हा यावरचा उपाय नव्हे. दुसरी एक लहान चिठ्ठी पाठवून पहिली थांबविणे किंवा परत घेणे हाच उपाय. सूक्ष्म आरएनए ही अशी प्रतिचिठ्ठी आहे. तिच्यात कोणत्याही प्रथिनाची कृती नसते. तिची अक्षरे एखाद्या संदेशवाहक आरएनएच्या शेवटच्या भागातील अक्षरांशी जुळतात, ती तेथे जाऊन चिकटते, आणि मग ती मूळ चिठ्ठी एकतर वाचली जात नाही किंवा नष्ट केली जाते.

ही प्रतिचिठ्ठी तयार होण्याची रीत मोठी नेटकी आहे. प्रथम केंद्रकात आरएनएचा एक लांब धागा तयार होतो आणि केसात लावावयाच्या आकड्यासारखा स्वतःवरच दुमडतो. ड्रोशा नावाचे विकर त्याचा अनावश्यक भाग कापते. उरलेला आकडा केंद्रकाबाहेर येतो, तेथे डायसर नावाचे दुसरे विकर त्याचा वळणाचा भाग छाटते. उरलेल्या जोडीतील एक धागा आर्गोनॉट या प्रथिनात जाऊन बसतो. तो सुमारे २२ अक्षरांचा असतो आणि त्यातही दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतची अक्षरे लक्ष्य शोधण्याच्या कामी सर्वांत महत्त्वाची ठरतात. जुळणी इतक्या थोड्या अक्षरांची असल्यामुळे एकच सूक्ष्म आरएनए शेकडो निरनिराळ्या चिठ्ठ्यांवर परिणाम करू शकतो. प्रत्येक चिठ्ठीवरचा त्याचा परिणाम बहुधा सौम्य असतो. तो दिवा विझवीत नाही, वात थोडी खाली करतो. परंतु अनेक वाती एकाच वेळी थोड्या थोड्या खाली झाल्या म्हणजे साऱ्या खोलीचा उजेड बदलतो.

एका मिलिमीटरच्या कृमीची साक्ष

हा शोध त्वचेत लागला नाही, माणसातही लागला नाही. सी. एलेगन्स नावाचा, जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा, मातीत राहणारा एक गोलकृमी आहे. त्याच्या वाढीचे टप्पे ठरावीक क्रमाने येतात. लिन-४ आणि लिन-१४ या दोन जनुकांत बिघाड झाला की हा क्रम विसकटतो. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन हे अमेरिकन शास्त्रज्ञ ही दोन जनुके आपापल्या प्रयोगशाळांत अभ्यासीत होते. लिन-४ पासून कोणते प्रथिन बनते याचा शोध घेता घेता असे आढळले की त्यापासून प्रथिन बनतच नाही, बनतो तो आरएनएचा एक लहानसा तुकडा. दोघांनी आपल्याजवळचे अक्षरक्रम शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा तो तुकडा लिन-१४ च्या चिठ्ठीच्या शेवटच्या भागाशी जुळतो असे दिसले. हे निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाले.

विज्ञानजगताने त्यांची फारशी दखल घेतली नाही. ही त्या कृमीचीच एक विचित्र लकब असावी, अशी सर्वसाधारण समजूत झाली. २००० साली रुव्हकुन यांच्या गटाने लेट-७ नावाचा दुसरा सूक्ष्म आरएनए जाहीर केला; तो माणसासह प्राणिसृष्टीत दूरवर आढळतो हे दिसून आले, आणि मग मात्र शोधांची रीघ लागली. आज माणसातील अशा हजाराहून अधिक रेणूंची नोंद आहे. अँब्रोस आणि रुव्हकुन यांना २०२४ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पहिल्या निबंधानंतर ३१ वर्षांनी. आपल्या शाळेतील जे विद्यार्थी आज प्रयोगशाळेच्या बाकावर बसून सूक्ष्मदर्शकात पाहत असतील, त्यांनी हा कालावधी ध्यानात ठेवावा. क्षुद्र वाटणाऱ्या जीवाचा निष्ठेने केलेला अभ्यास केव्हा आणि कोणाच्या उपयोगी पडेल, हे आधी सांगता येत नाही.

त्वचेचा लगाम

त्वचेला या रेणूंची गरज किती मूलभूत आहे, हे २००६ साली उंदरांवरील प्रयोगांनी दाखविले. उंदराच्या बाह्यत्वचेतून डायसर हे विकर काढून टाकले असता प्रतिचिठ्ठ्या तयार होणे बंद झाले आणि केसांची मुळे नीट घडेनाशी झाली. त्वचेतील एक प्रमुख सूक्ष्म आरएनए म्हणजे मिर-२०३. खालच्या थरातील केराटिनोसाइट सतत विभागत असतात. मिर-२०३ त्यांचे हे विभाजन थांबवून त्यांना भिंतीची वीट होण्याच्या मार्गाला लावतो. याचा अर्थ, भिंत बांधण्याच्या कामातच प्रतिचिठ्ठीचा हात आहे.

पहाऱ्याच्या कामातील सर्वोत्तम उदाहरण मिर-१४६ए याचे आहे. टोल-सदृश ग्राहकाला जंतू सापडला की संदेशाची साखळी सुरू होते, असे वर म्हटले. या साखळीत ट्राफ-६ आणि आयराक-१ ही दोन प्रथिने मधल्या कड्यांचे काम करतात. साखळीच्या टोकाशी दाहाची जनुके जागी होतात, आणि त्यांच्याबरोबर मिर-१४६ए याचेही जनुक जागे होते. हा रेणू मग मागे वळून त्याच ट्राफ-६ आणि आयराक-१ यांच्या चिठ्ठ्या दाबू लागतो. ही यंत्रणा कॅलिफोर्नियातील डेव्हिड बाल्टिमोर यांच्या प्रयोगशाळेने २००६ साली उघडकीस आणली. धोक्याची घंटा वाजविणाऱ्यानेच ती काही वेळाने थांबविण्याचीही सोय करून ठेवावी, अशी ही योजना आहे. उंदरांतून हे जनुक काढून टाकले असता दाह आवरेनासा होतो. इसबाच्या एका प्रकारात, म्हणजे अटोपिक डर्मटायटिसमध्ये, केराटिनोसाइट पेशींतील हाच रेणू दाह सौम्य करण्याचे काम करतो, असे पुढील संशोधनात दिसून आले.

लगाम बिघडल्यास काय होते, याचे उदाहरण सोरायसिस या विकारात सापडते. या विकारात त्वचेवर लालसर, जाड, चंदेरी खवल्यांचे चट्टे येतात. स्वीडनमधील संशोधकांना २००७ साली या चट्ट्यांत मिर-२०३ वाढलेला आढळला. सॉक्स-३ नावाचे एक प्रथिन दाहाचे संदेश आवरण्याचे काम करते. मिर-२०३ त्याच प्रथिनाची चिठ्ठी दाबतो. येथे प्रतिचिठ्ठी लगामालाच ढिले करते आणि दाह रेंगाळतो. मनोरंजक गोष्ट अशी की डिफेन्सिन कुटुंबातील एक महत्त्वाचे प्रथिन १९९७ साली सोरायसिसच्या रुग्णांच्या खवल्यांतूनच प्रथम वेगळे करण्यात आले. या रुग्णांची त्वचा भेगाळलेली असूनही तिला जंतुसंसर्ग क्वचितच होतो. कारण तेथे शस्त्रे गरजेपेक्षा अधिक परजलेली असतात. सोरायसिस संसर्गजन्य नाही, हेही येथेच सांगितले पाहिजे. त्या रुग्णाच्या हातात हात देण्यास कचरण्याचे काहीही कारण नाही.

कुष्ठरोगाचे कोडे

आतापर्यंत आपण लगामाची उपयुक्तता आणि त्यातील बिघाड पाहिला. आता तिसरी शक्यता पाहू : शत्रूनेच लगाम हातात घेतला तर?

कुष्ठरोगाचा जीवाणू नॉर्वेतील गेरहार्ड आर्माउअर हान्सेन यांनी १८७३ साली शोधला. तो फार संथ आहे. त्याला दुप्पट होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. संसर्गानंतर लक्षणे दिसण्यास सरासरी पाच वर्षे, आणि कधी वीस वर्षेही लागतात. आजतागायत तो कृत्रिम पोषकद्रव्यावर वाढविता आलेला नाही. २००१ साली त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचण्यात आला, तेव्हा हजाराहून अधिक जनुके निकामी होऊन पडल्याचे आढळले. कार्यक्षम अशी सुमारे १,६०० च उरली आहेत. आपले घरदार गमावलेला हा जीव दुसऱ्याच्या पेशीत आसरा घेऊनच जगू शकतो. शरीराचे थंड भाग त्याला मानवतात, म्हणून तो त्वचेत आणि त्वचेलगतच्या मज्जातंतूंत राहतो.

बहुसंख्य माणसांना त्याचा संपर्क होऊनही रोग होतच नाही. त्यांची प्रतिकारशक्ती त्याला पुरून उरते. ज्यांना होतो त्यांच्यातही मोठा फरक दिसतो. काहींच्या अंगावर एखाददुसरा स्पष्ट कडांचा, बधिर चट्टा येतो आणि त्यात जीवाणू शोधूनही क्वचितच सापडतात. हा ट्युबरक्युलॉइड प्रकार. काहींच्या सर्वांगावर चट्टे व गाठी येतात आणि त्वचेत जीवाणूंची अमर्याद वाढ झालेली असते. हा लेप्रोमॅटस प्रकार. या दोन टोकांच्या दरम्यान अनेक पायऱ्या आहेत. जीवाणू एकच असताना हा फरक का पडावा, हे वैद्यकशास्त्रापुढील जुने कोडे आहे. पूर्वी समाजाने त्याचे उत्तर पूर्वजन्मीच्या पापात शोधले आणि रुग्णाला गावाबाहेर काढले. विज्ञानाने ते त्वचेच्या पेशीत शोधले.

मिर-२१ ची फितुरी

लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ साली दोन्ही प्रकारच्या रुग्णांच्या चट्ट्यांतील सूक्ष्म आरएनएंची तुलना केली. तेरा रेणूंच्या प्रमाणात फरक आढळला. लेप्रोमॅटस चट्ट्यांत सर्वांत ठळकपणे वाढलेला रेणू होता मिर-२१. मग त्यांनी माणसाच्या रक्तातील भक्षक कुळातील पेशींना कुष्ठरोगाच्या जीवाणूंचा संसर्ग करून पाहिला, तेव्हा त्या पेशींतही मिर-२१ वाढला.

तो वाढल्याने काय बिघडते, हे समजण्यासाठी याच संशोधकवर्तुळाने २००६ साली क्षयाच्या जीवाणूसंदर्भात दाखविलेली एक गोष्ट आठवावी लागेल. टोल-सदृश ग्राहकाने जीवाणूला ओळखले की भक्षक पेशी दोन गोष्टी करते. एक, ड जीवनसत्त्वाला क्रियाशील रूप देणारे विकर ती तयार करते. दोन, त्या क्रियाशील रूपाला प्रतिसाद देणारे ग्राहक ती वाढविते. क्रियाशील ड जीवनसत्त्व मग केंद्रकात जाऊन कॅथेलिसिडिन आणि डिफेन्सिन यांची जनुके जागी करते. म्हणजे ज्या ड जीवनसत्त्वाला आपण केवळ हाडांशी जोडतो, ते भक्षक पेशीच्या शस्त्रागाराची किल्लीही आहे.

मिर-२१ या किल्लीवरच घाला घालतो. तो ड जीवनसत्त्वाला क्रियाशील करणाऱ्या विकराची चिठ्ठी दाबतो. पेशीला लढाईस चेतविणाऱ्या इंटरल्यूकिन-१ बीटा या संदेशद्रव्याची चिठ्ठीही तो दाबतो. आणि अप्रत्यक्षपणे तो इंटरल्यूकिन-१० हे शांतविणारे द्रव्य वाढवितो. परिणामी कॅथेलिसिडिन व डिफेन्सिन यांची निर्मिती घटते. जीवाणू भक्षक पेशीच्या पोटात असतो, शस्त्रागारही तेथेच असते, परंतु कुलूप उघडत नाही. याउलट, संसर्ग झालेल्या पेशींतील मिर-२१ संशोधकांनी दाबून टाकला, तेव्हा दोन्ही प्रथिनांची जनुके पुन्हा जागी झाली आणि पेशीची जीवाणू मारण्याची क्षमता परत आली.

एक गैरसमज येथेच दूर केला पाहिजे. मिर-२१ हा जीवाणूचा रेणू नाही, तो आपलाच आहे. निरोगी शरीरातही तो असतो आणि त्याची उपयुक्त कामे आहेत. जीवाणू कोणतेही नवे शस्त्र घेऊन येत नाही. घरातील लगाम तो नेमका नको त्या वेळी खेचायला लावतो.

या ज्ञानाचे आपण काय करावे

वाचकांच्या मनात साहजिकच प्रश्न येईल की यावरून औषध निघाले काय. प्रामाणिक उत्तर असे की सूक्ष्म आरएनएवर आधारलेले कुष्ठरोगाचे औषध आज नाही. एक रेणू शेकडो चिठ्ठ्यांवर परिणाम करीत असल्यामुळे त्याला दाबताना इतरत्र काय घडेल याची काळजी घ्यावी लागते, आणि औषध नेमक्या पेशीपर्यंत पोचविणे हीही कठीण गोष्ट आहे. त्याचप्रमाणे, ड जीवनसत्त्वाचा उल्लेख आला म्हणून उन्हात बसल्याने किंवा त्याच्या गोळ्या घेतल्याने कुष्ठरोग बरा होईल, असा अर्थ कोणीही काढू नये. किल्ली कितीही असल्या तरी कुलूपच अडवून धरले असेल तर त्यांचा उपयोग होत नाही.

परंतु कुष्ठरोगावर खात्रीचा उपाय आजच उपलब्ध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. रिफाम्पिसीन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमीन ही ती औषधे होत. रोगाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने ती घेतली की रोग बरा होतो. सरकारी आरोग्य केंद्रांत ती विनामूल्य मिळतात. उपचार सुरू झाल्यावर अल्पावधीतच रुग्णाकडून संसर्ग होण्याचा संभव राहत नाही. विकृती येते ती उपचारास उशीर झाल्याने, आणि उशीर होतो तो बहुधा भीतीने व लाजेने.

म्हणून पालकांना, वसतिगृहाच्या अधीक्षकांना आणि गावोगावी काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना एवढेच आग्रहाने सांगावेसे वाटते. मुलाच्या अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला, तो खाजत नसेल, दुखत नसेल, आणि तेथे स्पर्श, ऊन-गार किंवा टोचणे कळत नसेल, तर तो झाकून ठेवू नये. दुखत नाही म्हणून दुर्लक्ष करावे, असा हा रोग नाही. न दुखणे हेच त्याचे लक्षण आहे. अशा मुलाला जवळच्या आरोग्य केंद्रात न्यावे. त्याला शाळेतून काढण्याची, वेगळे ताट देण्याची किंवा पंगतीतून उठविण्याची मुळीच गरज नसते. रुग्णाच्या निकट राहणाऱ्यांसाठी रिफाम्पिसीनच्या एका मात्रेची प्रतिबंधक योजनाही आता आहे.

भारताने २००५ च्या अखेरीस दहा हजार लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी रुग्ण ही मर्यादा राष्ट्रीय पातळीवर गाठली. परंतु दरवर्षी जगात आढळणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक अजूनही आपल्याच देशातील असतात. कायद्याच्या वाटचालीवरूनही आपला वेग लक्षात येतो. कुष्ठरुग्णांना डांबून ठेवण्याची मुभा देणारा १८९८ चा कायदा २०१६ साली रद्द झाला, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण व्यक्तिगत कायद्यांतून वगळण्यासाठी २०१९ साल उजाडावे लागले. औषध पोचल्यानंतरही कलंक पुसला जाण्यास किती काळ लागतो, याची ही नोंद आहे. बाबा आमटे यांनी १९४९ साली वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले, तेव्हा बहुविध औषधोपचार तीस वर्षे दूर होता. तरीही त्यांनी रुग्णांच्या हाती आधी काम आणि मग सन्मान दिला नाही. दोन्ही एकदमच दिले.

पाली साहित्यातील उदान या ग्रंथात सुप्पबुद्ध नावाच्या कुष्ठरोग्याची कथा आहे. दुरून जमाव पाहून, तेथे अन्न वाटले जात असेल या आशेने तो गेला. अन्न नव्हते, धम्मोपदेश चालला होता. तो एका बाजूस बसला. या सभेत हे समजण्यास कोण समर्थ आहे, असा विचार करीत भगवान बुद्धांनी सर्वांवर दृष्टी फिरविली, तेव्हा ती या उपेक्षित माणसावर येऊन थांबली. ज्याला लोक अंगावरच्या चट्ट्यांवरून ओळखीत होते, त्याला तेथे समजण्याच्या सामर्थ्यावरून ओळखले गेले.

त्वचा ही माणसाची पहिली भिंत आहे, आणि दुर्दैवाने समाजाने माणसामाणसांत घातलेल्या भिंतींपैकी अनेक भिंती त्वचेकडे पाहूनच घातल्या गेल्या. त्याच त्वचेच्या आत डोकावल्यावर विज्ञानाला आढळल्या त्या बावीस अक्षरांच्या चिठ्ठ्या. एकाला एखादाच चट्टा का उठतो आणि दुसऱ्याचे सर्वांग का व्यापले जाते, याच्या कारणांपैकी एक कारण त्यांत लिहिलेले आहे. त्यांत पापपुण्याचा, जातीचा किंवा कुळाचा उल्लेख कोठेही नाही. हे वाचता येणे ही शिक्षणाची देणगी आहे; आणि ते वाचल्यानंतर कोणाच्याही बधिर चट्ट्यावर निःशंकपणे हात ठेवून त्याला दवाखान्यापर्यंत सोबत करणे, हे त्या शिक्षणाचे सार्थक आहे.